हाउसिंगमध्ये नव्वद की एकशेचाळीस?

वाचकाचं पत्र

माझी दीड टनी पिकअप आहे, पाच वर्षं झाली. कराडच्या मार्केटमधून भाजी भरतो, पहाटे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागरला माल टाकतो. येताना मोकळं येण्यापेक्षा चिरा भरतो, नव्वद-शंभर नग. गेले दोन महिने टॉपला पन्नास-साठच्या वेगात मागून घोंऽऽ असा आवाज येतोय. अ‍ॅक्सिलेटर सोडला की कमी होतो. मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधून, पिनियनच्या तोंडाशी तेल ठिबकतं; तिथलं सील दोनदा बदललं, तरी ठिबकतंच. आमचे मिस्त्री म्हणतात, "हाउसिंगला एकशेचाळीस नंबरचं तेल टाक, आवाज बसतो." दुकानदार म्हणतो नव्वदच टाका. भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअपचा व्हिडिओ बघितला, त्यात ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक ओततात आणि वर एक छोटी बाटली. गाडीच्या पुस्तकात ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ एवढंच लिहिलंय. मागच्या दिवाळीत गिअरबॉक्स आणि हाउसिंग दोन्हीला एकाच डब्यातलं सुट्टं नव्वद टाकलं होतं. पावसाळ्यात आमच्या गावची फरशी (ओढ्यावरचा बुटका पूल) पाण्याखाली असते, तरी गाडी काढावी लागते. आता नक्की कुठलं तेल टाकू?

— एक गाडीवाला, तालुका पाटण

उत्तर

दादा, तेलाचं आधी सांगून टाकतो: पुस्तकात लिहिलंय तेच. ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, सीलबंद डब्यातलं. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं की तुमच्या गाडीचं दुखणं तेलाच्या नंबरात नाहीच. ते तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही तुम्हीच लिहून दिली आहेत: सुट्टं तेल, फरशीवरचं पाणी आणि चिरा.

मिस्त्रींचा सल्ला आधी घेतो, कारण तो सगळीकडे दिला जातो. १४० टाकल्यावर आवाज कमी होतो हे खरं आहे. जाड तेलाचा थर दातांमधली फट भरतो, खडखड दबते, गाडीवाला खूश होऊन जातो. पण झिजलेला दात तसाच असतो आणि सैल झालेली बेअरिंगही तशीच. गाडी विकायला काढताना काही लोक हाच उद्योग करतात. जुनी पिकअप घेणाऱ्याने हाउसिंगचा प्लग उघडून बोट बुडवून बघावं ते त्याचसाठी. तुमचा आवाज ओढ देताना येतो आणि अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर कमी होतो. ही क्राउन-पिनियनच्या (हाउसिंगमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीच्या) ओढीच्या बाजूची किंवा पिनियनच्या बेअरिंगची खूण असते. चाकाच्या बेअरिंगचा आवाज असता तर तो अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावरही तसाच राहिला असता आणि गाडी डावी-उजवी झुलवल्यावर बदलला असता. फक्त वळणावर आवाज आला असता तर आतल्या छोट्या गिअरांवर संशय घेतला असता. म्हणजे तुमच्या गाडीला आवाज दाबणारं नको, आवाज कशाचा ते शोधणारं कुणीतरी हवं.

आता नंबरांबद्दल. पुष्कळांना वाटतं की ९० म्हणजे इंजिनच्या ४० नंबर तेलापेक्षा दुपटीहून जाड. तसं नाही. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी, गिअर ऑइलची वेगळी. शंभर अंश तापमानाला ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक जाड असतं, म्हणजे इंजिनच्या ४० आणि ५० नंबरच्या आसपासच. १४० नंबर मात्र २४ च्या पुढे सुरू होतं. गार असताना हा फरक आणखी वाढतो. चाळीस अंशाला नेहमीचं ८०डब्ल्यू-९० एकशेचाळीस सेंटिस्टोकच्या आसपास असतं, तर ८५डब्ल्यू-१४० साडेतीनशेच्या वर जातं. तुम्ही पहाटे कराडहून निघता. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी हवा दहा-बारा अंशांवर असते, म्हणजे तेल याहूनही घट्ट. पिनियनची पुढची बेअरिंग हाउसिंगच्या तोंडाशी, सीलच्या मागे असते. क्राउन फिरताना तेल उडवतो, ते वरच्या खाचेतून वाहत तिथपर्यंत पोचतं. जाड तेल तिथे उशिरा पोचतं. शिवाय जाड तेल घुसळायला इंजिनची ताकद जास्त जाते आणि घुसळण्याने तेल उलट तापतं. जास्त जाड म्हणजे जास्त चांगलं, हे गणित इथे बसत नाही.

नंबराआधीचं 'डब्ल्यू'वालं अंग थंडीचं. ८०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे २६ अंशांना होते, ८५डब्ल्यूची उणे १२ ला, ७५डब्ल्यूची तर उणे ४० ला. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचा बर्फ झाला तरी तो पेपरात फोटो येण्याइतका दुर्मिळ असतो. पाटण खोऱ्यात ७५डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजायला थंडी हे कारण पुरेसं नाही.

भाच्याचा व्हिडिओ खोटा नाही, फक्त तो तुमच्या गाडीचा नाही. तिकडे ज्याला हेवी-ड्यूटी पिकअप म्हणतात ती गाडी म्हणजे आपल्या छोट्या ट्रकच्या वजनाची असते. पाठीमागे कित्येक टनांचा ट्रेलर लावून ती हायवेला तासन्‌तास एका वेगात पळते आणि हिवाळ्यात तीच गाडी बर्फात रात्रभर उभी राहते. फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपच्या मागच्या एक्सलला बरीच वर्षं ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक सांगितलं जायचं. एकाच तेलाने कडाक्याच्या थंडीत वाहावं आणि ट्रेलर ओढताना पातळ पडू नये, यासाठी एवढा मोठा पट्टा लागतो. आणि तिकडेही सगळ्यांना तेच तेल लागत नाही. प्रत्येक एक्सलची बेअरिंग आणि दातांची फट बघून कंपनी नंबर ठरवते. ती छोटी बाटली फ्रिक्शन मॉडिफायरची. डिफरन्शियल म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी हाउसिंगमधली गिअरांची जुळणी; त्यातल्या लिमिटेड-स्लिप प्रकारात, एक चाक नुसतं गरगरू नये म्हणून, क्लचच्या चकत्या असतात, त्या अडकून थरथरू नयेत म्हणून काही एक्सलना ती लागते. तुमच्या गाडीला साधं डिफरन्शियल असेल तर ती बाटली म्हणजे नुसता खर्च. खात्री करायची असेल तर पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा एक्सल घोडीवर चढवा, हँडब्रेक सोडा, इंजिन बंद ठेवून गिअर टाका आणि एक मागचं चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने सहज फिरलं की डिफरन्शियल साधं.

सिंथेटिक घ्यायचंच असेल तर ७५डब्ल्यू-९०, जीएल-५ घ्या. गरम झाल्यावर ते ९० च राहतं, पुस्तकातल्या आकड्याला धक्का लागत नाही आणि ते उष्णतेने लवकर बिघडत नाही. तेल बिघडण्याचा ढोबळ हिशेब असा: तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघडण्याचा वेग दुपटीच्या घरात जातो. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा हाउसिंगला हात लावून बघा, म्हणजे नकाच लावू, पोळेल. रोज घाट मारणाऱ्याला सिंथेटिक परवडू शकतं. पण माझ्या मते तुम्ही आत्ता ते घेऊ नये. तुम्हाला येत्या काही महिन्यांत तेल दोनदा तरी काढावं लागणार आहे, ते महागाचं कशाला ओतता?

आता जीएल-५ बद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ म्हणजे एकाच डब्यातलं सुट्टं नव्वद दोन्हीकडे टाकलं ती. नव्वद हा नुसता जाडीचा नंबर झाला. तेलात काय घातलंय हे जीएल सांगतं. तुमच्या हाउसिंगमधला पिनियन क्राउनच्या मध्यावर बसलेला नसतो, थोडा खाली बसवलेला असतो. याला हायपॉइड म्हणतात. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. एवढ्या दाबात तेलाचा थर फुटतो. तेव्हा धातू धातूला चिकटू नये म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. ती दातांच्या पृष्ठभागावर रासायनिक थर तयार करतात. जीएल-५ मध्ये त्यांचं प्रमाण जीएल-४ पेक्षा बरंच जास्त असतं. डबा उघडल्यावर जो उग्र वास येतो तो त्याचाच. तो वास म्हणजे तेल खराब नव्हे. हायपॉइड एक्सलमध्ये जीएल-४ टाकून शंभर चिरे चढवले तर दातांवर ओरखडे उठणारच.

गिअरबॉक्सचं उलटं आहे. तिथे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात. जीएल-५ मधली तीच संयुगं पुष्कळ प्रकारच्या पितळेला हळूहळू खातात, आणि रिंगांची पकड घसरल्याने गिअर पडताना कर्र वाजतं. म्हणून पुष्कळ गिअरबॉक्सना जीएल-४ सांगतात. सगळ्यांना नव्हे, काही कंपन्या गिअरबॉक्सलाही जीएल-५ सांगतात, तेव्हा पुस्तकातलं गिअरबॉक्सचं पान स्वतंत्र बघा. बॅरलमधून मापाने काढून दिलेलं तेल यातलं कुठलं होतं हे आज तुम्ही सांगू शकत नाही, दुकानदारही सांगू शकणार नाही. म्हणजे तुमच्या गाडीत दिवाळीपासून कुठेतरी एका ठिकाणी चुकीचं तेल असण्याची शक्यता बरीच आहे. गिअरबॉक्सही रिकामा करून घ्या.

डब्यावर जीएल-५ सोबत एसएई जे२३६० असं छापलेलं दिसलं तर चांगलं. ती आणखी कडक चाचण्यांची पातळी आहे. बिल घ्या. झाकणाचं सील बघा.

आता पाणी. फरशीवरून गाडी नेता तेव्हा हाउसिंग तापलेलं असतं. ते अचानक गार पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि हाउसिंग बाहेरून काहीतरी ओढून घेतं. ते येतं ब्रीदरमधून. एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला अंगठ्याएवढी टोपी असते, तोच ब्रीदर. तापल्यावर आतली हवा बाहेर सोडणं आणि गार झाल्यावर आत घेणं हे त्याचं काम. टोपी पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. आणि टोपी चिखलाने बुजली असेल तर उलटा प्रकार होतो: घाटात हाउसिंग तापतं, आत दाब चढतो, हवेला वाट मिळत नाही, आणि तेल सगळ्यात कमजोर जागेतून बाहेर पडतं. ती जागा म्हणजे पिनियनचं सील. दोनदा सील बदलूनही ठिबकतंय म्हणताय ना? सीलवाल्याला दोष देण्याआधी ती टोपी बोटाने फिरवून बघा. फिरत नसेल, वर मातीचा थर असेल, तर काढा, डिझेलने धुवा, फुंकून बघा. टोपीऐवजी तिथे नळी बसवून ती चेसीच्या वर, हौद्याखाली नेऊन बांधता येते. पाटणच्या पावसात मी तर प्रत्येक पिकअपला ती बसवायला सांगेन. खर्च किरकोळ आहे. ब्रीदर मोकळा निघाला आणि तरी गळती असेल, तर पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे सील ज्यावर घासतं त्या भागावर, सीलने खाच पाडली आहे का ते बघायला सांगा. खाच पडलेल्या फ्लँजवर नवं सील टिकत नाही. बेअरिंग सैल होऊन पिनियन हलत असेल तरी टिकत नाही. तुमचा आवाज लक्षात घेता हे दुसरं कारण मला नाकारता येत नाही.

तेल काढाल तेव्हा गाडी चालवून आणून, तेल कोमट असताना काढा आणि आधी वरचा भरायचा प्लग सैल करा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचा काढून बसला असाल तर गाडी तिथेच कोरडी उभी राहील. पहिलं तेल काचेच्या पारदर्शक बाटलीत धरा. दुधाळ किंवा चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. नुसतं काळं असेल तर घाबरायचं नाही. शंका असेल तर बाटली रात्रभर उभी ठेवा, पाणी तळाला बसतं. किंवा जुना पत्रा चांगला तापवून त्यावर एक थेंब टाका. तडतड झाली की पाणी आहे. हा प्रयोग अंगणात करा, घरातल्या तव्यावर केलात तर पुढची जबाबदारी माझी नाही. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा राखाडी, मलमासारखा लेप नेहमीचा. टोचणाऱ्या कपच्या, चकचकीत पापुद्रे सापडले तर नवं तेल ओतण्यात अर्थ नाही, हाउसिंग उघडा. पिनियनची बेअरिंग जाम झाली तर मागची चाकं धावता धावता लॉक होऊ शकतात. भाजी भरून कुंभार्ली उतरताना असं होण्याची वाट बघू नका.

कपच्या नसतील तर नवं तेल भरा. गाडी सपाट जागी हवी, उतारावर नाही. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला तेल टेकलं आणि बाहेर ओघळलं की थांबा. "घाटाची गाडी आहे, थोडं जास्त जाऊ दे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जादा तेल ब्रीदरमधून बाहेर येतं किंवा एक्सलच्या सीलमधून ब्रेक लायनरवर जातं, आणि घाटात तेल लागलेला लायनर काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. प्लगचं वायसर नवं टाका. ब्रेकच्या कामासाठी एक्सल बाहेर काढला असेल तर त्यानंतर लेव्हल पुन्हा बघत जा. जुनं तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. गॅरेजवाल्याकडे ड्रम असतो, त्यात द्या.

चिऱ्याचं मात्र स्पष्ट बोलतो. एक चिरा पंचवीस-तीस किलोचा धरला तरी पन्नास-साठ चिऱ्यांत दीड टन भरतो. नव्वद-शंभर म्हणजे सव्वादोन ते तीन टन. तेही उतरताना नाही, घाट चढताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्या गिअरांमध्ये इंजिनचा जोर कितीतरी पट होऊन पिनियनच्या दोन-तीन दातांवर येतो. पोफळीपासून हेळवाकपर्यंत हा मार सलग चालतो. यावर जगातलं कुठलंही तेल उत्तर नाही. १४० नाही, अमेरिकेचं नाही. कायद्याचंही ऐकून ठेवा: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. पण दंडाचं सोडा. एका क्राउन-पिनियनच्या सेटची किंमत आणि मजुरी विचारून या, मग वरच्या चाळीस चिऱ्यांचं भाडं किती खेपा जमवल्यावर ती भरून निघते ते वहीत मांडा. रिकामं येऊ नका, धंदा आहे, कळतं मला. पण पन्नास चिऱ्यांवर थांबा.

८५डब्ल्यू-१४० कधीच नको असं मी म्हणत नाही. ज्या गाडीच्या पुस्तकात जास्त भारासाठी किंवा उष्ण हवेसाठी तो नंबर दिलेला असतो, तिथे तो खुशाल वापरावा. तुमच्या पुस्तकात नाही, म्हणून नाही.

बदलायचं अंतर पुस्तकात असेल त्याच्या निम्मं धरा, कारण ते आकडे सरळ रस्त्यावरच्या गाडीचे असतात. पावसाळ्यात हाउसिंग बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली, तर किलोमीटर न मोजता त्याच आठवड्यात प्लग सैल करून तेल बघा. दुधाळ निघालं तर त्याच दिवशी काढा.

आत्ता टाकलेलं तेल पाचेकशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा काढून बाटलीत धरा. कपच्या नाहीत, पाणी नाही आणि आवाज वाढलेला नाही, तर गाडी चालू द्या. आवाज तसाच असेल तर कराडात डायल गेज वापरून क्राउन-पिनियनची फट मोजणाऱ्या मिस्त्रीकडे जा, अंदाजाने पत्र्या घालणाऱ्याकडे नको. बेअरिंग वेळेत बदलली तर सेट वाचण्याची शक्यता अजून आहे.